ओळ उचलणारी

नांदणेवाडी, ता. वाळवा
सोमवार, २६ ऑगस्ट १९७४

राहीस,

मनूचा सलाम. इकडचं सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते. पण इकडे ठीक नाही, आणि पद्धतीसाठी मी खोटं लिहिणार नाही. हे पत्र लालासाहेब तुला वाचून दाखवील. त्याला म्हणावं, तू आम्हा दोघी बहिणींचा भाऊ असलास तरी मध्यस्थ होऊ नकोस, लिहिलंय तेवढं सगळं वाच.

काल तिसरा रविवार गेला. मधे पंधरा ऑगस्टला मारियामाउलीचा सण झाला, त्या दिवशीही तू नव्हतीस. बायकांच्या बाजूला, खांबाजवळच्या तुझ्या जागेवर कोणी बसत नाही. पाठीमागे बायका दाटीवाटीनं बसतात आणि तिथं सतरंजी मोकळी. मी धोंडुबाईला म्हटलं, सरक की पुढं. तर ती म्हणते, "आक्का, ती राहीची जागा हाय." म्हणजे जाणाऱ्या बाईनं न सांगता चंबूगबाळं उचलून शिरवळला भावाकडं निघून जायचं आणि आम्ही तिची जागा राखत बसायचं.

गाण्याचे धिंडवडे निघालेत. पेटीवाला सूर धरतो एक, बायका गातात दुसरंच. आणि विनवण्यांच्या वेळी तर मान खाली घालावी लागते. वाचणारा चिठ्ठीवरची विनवणी वाचतो, "आपण प्रभूला विनवू या" म्हणतो, आणि पुढं सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. मग कोणी इथून, कोणी तिथून पुटपुटतं, "हे प्रभो, आमची विनवणी ऐक." इतकी वर्षं तू ओळ उचलायचीस आणि तुझ्यामागं सगळे म्हणायचे, त्यामुळं ती आपल्याला उचलता येत नाही हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. फादर लोबो मिस्सा झाल्यावर मला विचारतात, राहीबाई कुठं आहेत? मी काय तुला ट्रंकेत घालून ठेवलंय?

मी काय केलं ते एकदा सरळ लिहिते, कारण गावात त्याचं काहीच्या बाही झालंय. मिस्सा लॅटिनमधून मराठीत आल्यापासून दर रविवारी एकेका घराची पाळी असते. त्या घरानं चार विनवण्या चिठ्ठीवर लिहायच्या, फादरांना आधी दाखवायच्या आणि वेदीजवळ उभं राहून वाचायच्या. चार ऑगस्टला माझी पाळी होती. पहिली विनवणी पावसासाठी, दुसरी आजाऱ्यांसाठी, तिसरी सरहद्दीवरच्या जवानांसाठी, कारण माझा केरबा तिकडं मिलिटरीची ट्रक चालवतो. चौथी अशी होती: "जे घर रविवारी वेदीपुढं ख्रिस्ती आणि सोमवारी शाळेच्या दाखल्यावर हिंदू, त्या घराला खरं बोलायचं धैर्य मिळावं म्हणून आपण प्रभूला विनवू या."

एवढंच. त्यात मी कोणाचं नाव घेतलं का? त्या दिवशी फादरांना यायला उशीर झाला, म्हणून चिठ्ठी दाखवायची राहून गेली. पण दाखवली असती तरी त्यांनी काय खोडलं असतं? सगळ्या सभेनं उत्तर दिलं, म्हणजे सगळ्यांना ते पटलं. मग एकट्या राहीबाईंनाच ते का झोंबलं, हे ज्याचं त्यानं ओळखावं. तुझ्या पोरीचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला, तेरेझा नाव ठेवलं, माझ्या हातातली मेणबत्ती होती. तीच पोर साताऱ्याच्या अध्यापक विद्यालयात विजयमाला नावानं, हिंदू महार म्हणून शिष्यवृत्ती घेते, मागासवर्गीयांच्या वसतिगृहात राहते, आणि सुट्टीत घरी आली की पहिल्या रांगेत बसून ख्रिस्तप्रसाद घेते. तो दाखला कोणी तसा लिहिला कोण जाणे. पण लिहिलाय खरा.

मास्तर असते तर त्यांनी तुला समजावलं असतं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली आणि आता या घरात मला खरं-खोटं सांगणारं कोणी नाही. मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे. रुसायचा हक्क असेल तर तो माझा आहे.

उत्तर पाठव.

आक्का


शुक्रवार, ६ सप्टेंबर १९७४

राही,

कार्ड मिळालं. अक्षर विजयमालेचं, म्हणजे पोर वसतिगृह सोडून शिरवळला आलीय हे मला कार्ड उलटल्यावरच कळलं. त्यातला मजकूर मी एवढ्या वेळा वाचलाय की पाठ झालाय. "मावशी, विद्यालयात तुमच्या अक्षरातला कागद आला आहे. माझी जागा आणि शिष्यवृत्ती चौकशी होईपर्यंत थांबवली आहे. अठरा तारखेला आईला बोलावलं आहे. आई म्हणते, आक्काला विचार, झालं का समाधान."

राहे, मी अर्ज केलेला नाही. मी साताऱ्याला कागद पाठवलेला नाही. मास्तरांची शपथ घालून लिहिते, आणि तू जाणतेस की त्यांची शपथ मी कशालाही घेत नाही. विजयमाले, हे आईला दोनदा वाचून दाखव.

कार्ड हातात घेऊन मी तशीच फादरांकडं गेले. ते जेवत होते, मी थांबले नाही. म्हटलं, त्या दिवशीची माझी चिठ्ठी काढा. वाचून झाल्यावर सगळ्या चिठ्ठ्या वेदीमागच्या पत्र्याच्या डब्यात टाकतात आणि उपवासकाळाच्या सुरुवातीला, राखेच्या बुधवारी, जाळतात. फादरांनी डबा पालथा केला. जुलैच्या चिठ्ठ्या होत्या, अकरा ऑगस्टची होती, माझी नव्हती. फादरांनी चश्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मनुबाई, विनवणी देवाजवळ करायची असते. तुम्ही शेजारणीला ऐकवली." मंगळूरचा माणूस, एरवी मराठी बोलताना अडखळतो. हे वाक्य मात्र त्याला कसं सरळ जमलं कोण जाणे.

डब्याची किल्ली दोघांकडं. एक फादरांकडं आणि दुसरी आप्पासोकडं, कारण तो सभेचा चिटणीस. आप्पासोच्या थोरल्या पोरीला गेल्या वर्षी त्याच विद्यालयात जागा मिळाली नव्हती. तिच्या दाखल्यावर ख्रिस्ती आहे. तेव्हा कागद कोणी धाडला हे मला सांगायला कोणी नको होतं. तो गोठ्यात म्हशीपुढं वैरण टाकत होता. मी विचारलं, तर नाही म्हणाला नाही.

"व्हय, म्या धाडली. पोरीचं नाव तेवढं तोंडी सांगून धाडलं. त्यात काय झालं?"

म्हटलं, "चर्चच्या डब्यातली चिठ्ठी तू चोरलीस."

"चोरली न्हाई, काढली. तुमीच भर सभेत वाचलीसा न्हवं? तुमी देवाला सांगितलंसा, म्या सायबाला सांगितलं. तुमच्या सांगण्यानं काय झालं न्हाई, म्हणून म्या जरा जवळच्या सायबाला सांगितलं."

"माझी भाची आहे ती, आप्पासो."

"हे तुमाला चार तारखेला ठावं न्हवतं व्हय?"

माझा हात उठला होता, राही. बावन्नाव्या वर्षी गोठ्यात उभं राहून मी एका बाप्याला मारणार होते. त्याची बायको मधे आली. ती म्हणाली, "आवं आक्का, त्यांनी एक वळ बी लिवली न्हाई. सगळं तुमचंच अक्षर हाय." तिनं मला चहा विचारला. मी न घेताच निघून आले.

तेव्हापासून माझा नुसता संताप होतोय. आप्पासोवर होतोय, त्या कुलूप असून नसल्यासारख्या डब्यावर होतोय, आणि त्या साहेबावर होतोय ज्याला प्रार्थना आणि तक्रार यांतला फरक कळत नाही. तुझ्यावरही होतोय, कारण तू मला एका शब्दानं शिव्या दिल्या नाहीस. चौघीजणींत उभी राहून भांडली असतीस तर आतापर्यंत आपलं बोलणं सुरू झालं असतं.

अठरा तारखेला तू काय सांगणार आहेस ते मला कळव.

मनू


शुक्रवार, २० सप्टेंबर १९७४

राही आणि विजयमाला,

परवा तुम्हाला विद्यालयात सांगितलं असेल की चौकशी बंद झाली, मुलीनं वसतिगृहात परत यावं. का बंद झाली ते सांगितलं नसेल. मी मंगळवारी, तुमच्या आदल्या दिवशी, जाऊन आले. आधीच जाऊन आले, कारण तुझ्या समोर मला ते जमलं नसतं.

इस्लामपूरहून सकाळची गाडी धरली, कऱ्हाडला बदलली. पोचेपर्यंत घशाला कोरड पडली होती. व्हरांड्यात माठ होता, शिपाई होता. माझ्यापुढच्या माणसाला त्यानं पेल्यात पाणी दिलं. मी हात पुढं केला तसं त्यानं विचारलं, "कुठल्या गावच्या? आडनाव काय?" मी सांगितलं. त्यानं पेला खाली ठेवला, तांब्या उचलला आणि म्हणाला, "ओंजळ करा." वरून धार धरली. मी प्याले, राही. तहान लागली होती.

आत गेले. कारकून वयस्कर होता, बोलायला वाईट नव्हता. त्यानं फाइलमधून माझी चिठ्ठी काढली. वरच्या तीन विनवण्या कात्रीनं कापून टाकल्या होत्या, पावसाची, आजाऱ्यांची आणि केरबाची. चौथीच तेवढी उरली होती. त्यानं विचारलं, "हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"मग खाली सही करा. निनावी कागदावर आम्हाला फार काही करता येत नाही. सही झाली की रीतसर चौकशी लागेल, चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला मागवू. मुलगी ख्रिस्ती निघाली तर सवलत जाईल. नियम आहे, आमच्या हातात काही नाही."

त्यानं टाक माझ्यासमोर ठेवला. राही, मी ज्यासाठी भर चर्चमध्ये विनवणी केली होती ते सगळं त्या टेबलावर तयार होतं. मला फक्त खरं बोलायचं होतं.

मी विचारलं, "साहेब, ख्रिस्ती झालं की जात जाते?"

"सरकारी कागदावर जाते."

"मग तुमच्या शिपायाला कळवा. त्यानं आत्ता बाहेर मला वरून पाणी ओतलं. त्याला माझी जात आडनावावरून कळली आणि तुम्हाला कळत नाही. दोघांपैकी एकानं चुकायचं थांबवावं. मला पेल्यात पाणी द्या, मी सही करते."

दाराकडं बघितलं त्यानं, शिपायाला हाक मात्र मारली नाही. मीही टाकाला हात लावला नाही. मग त्यानं चिठ्ठी परत फाइलीत ठेवली, वर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "तक्रारदार सही करत नाही, सबब दफ्तरी दाखल. जा तुम्ही." मी खोटं एक अक्षर बोलले नाही. खरंही बोलले नाही.

आता पुढचं. विजयमाले, हे आईला वाचून दाखवताना थांबू नकोस. तिच्याकडं बघूही नकोस.

मी पहिल्या पत्रात लिहिलं की तो दाखला कोणी तसा लिहिला कोण जाणे. मला माहीत आहे. एकसष्ट सालच्या जूनमध्ये मास्तर विजयमालेला शाळेत घालायला घेऊन गेले. धर्मशिक्षक असूनही त्यांनी रकान्यात हिंदू महार लिहिलं आणि तुझ्या अंगठ्याला शाई लावली. तू अंगठा दिलास. काय लिहिलं होतं ते तुला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. मी शेजारी उभी होते.

त्यांनी तसं का लिहिलं तेही मला माहीत होतं. त्याच्या आदल्या वर्षी केरबा मॅट्रिक झाला होता, चांगल्या मार्कांनी. त्याचा दाखला मास्तरांनी बरोबर लिहिला होता, ख्रिस्ती. कऱ्हाडला कॉलेजात वसतिगृहाची जागा मागायला गेलो, तर सवलत बसत नाही म्हणाले. रोज जाऊन यायची ऐपत नव्हती. पोरगं दोन महिने ओसरीवर बसलं आणि एक दिवस भरतीला निघून गेलं. मास्तर त्यानंतर नीट जेवले नाहीत. भाचीच्या वेळी त्यांनी ती गोष्ट पुन्हा होऊ दिली नाही. मी त्यांना त्याबद्दल कधी क्षमा केली नाही. माझ्या पोराला धर्म आणि तुझ्या पोरीला शिक्षण, असं वाटून दिलं त्यांनी.

जुलैच्या शेवटी केरबाचं पत्र आलं की दुरुस्तीसाठी ट्रकखाली पडून पडून पाठ गेलीय. त्याच आठवड्यात तू पेढे घेऊन आलीस, विजयमाला दुसऱ्या वर्षात गेली म्हणून. ते पेढे मी घेतले, खाल्लेही. आणि रात्री न झोपता चौथी विनवणी लिहिली.

फादरांना त्या दिवशी उशीर झाला नव्हता. वेळेवर आले होते. मी चिठ्ठी पदरात लपवली.

आणि सभेनं उत्तर दिलं हेही मी अर्धंच लिहिलं. सभेनं आपण होऊन कधी दिलंय उत्तर? तू दिलंस. नेहमीसारखे डोळे मिटून, मान जरा तिरकी करून तू ओळ उचललीस, "हे प्रभो, आमची विनवणी ऐक." तुझ्याविरुद्धची विनवणी तूच वर नेलीस, आणि तुझ्यामागं सगळ्यांनी. नेहमीप्रमाणे तीच ओळ दुसऱ्यांदा म्हणायच्या वेळेला तुझे डोळे उघडले. तू माझ्याकडं बघितलंस. मग पदर सावरून उठलीस आणि बायकांच्या मधून वाट काढत बाहेर गेलीस. मी चिठ्ठी हातात धरून तशीच उभी होते. माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते लिहायला बसले तर कागद पुरणार नाही, पण त्यात पश्चात्ताप नव्हता. तो नंतर आला, आणि तोही आधी राग होऊन आला.

आक्का


सोमवार, ३० सप्टेंबर १९७४

राही,

उत्तर नाही. कार्डसुद्धा नाही. विजयमालेनं साताऱ्याहून मला दोन ओळी लिहिल्या, की ती वसतिगृहात परत गेली आणि पाढ्यांचा पाठ चांगला झाला. तिनं लिहिलंय, "तुमचं पत्र आईनं दोनदा वाचायला लावलं. मग भाकरी थापायला उठली." बरं.

काल पाळी धोंडुबाईची होती. मी तिच्याकडून मागून घेतली. चिठ्ठी शनिवारीच फादरांना दाखवली. त्यांनी वाचली, माझ्याकडं बघितलं आणि एकही शब्द खोडला नाही. चार विनवण्या नव्हत्याच, एकच होती. "मनुबाईनं याच जागी उभं राहून आपल्या बहिणीविरुद्ध प्रार्थना केली. तिला सत्याची चाड नव्हती. पोराला मिळालं नाही ते भाचीला मिळालं, याचा तिला राग होता. तिला क्षमा मिळावी म्हणून आपण प्रभूला विनवू या."

आणि मी थांबले.

कोणी काही बोललं नाही. आधीचे सात रविवार निदान पुटपुटत तरी होते, काल तेही नाही. आप्पासो पुरुषांच्या बाजूला पहिल्या रांगेत होता, तो जमिनीकडं बघत राहिला. पेटीवाल्यानं पट्ट्यांवरचे हात उचलले. एक तान्हं पोर रडलं, तेवढंच. मला आधी वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हटलं, "आपण प्रभूला विनवू या." तरी नाही. फादर थोडा वेळ थांबले आणि मग वेदीकडं वळून पुढच्या विधीला लागले. मी माझ्या जागेवर येऊन बसले. माझी विनवणी तिथंच राहिली.

बाहेर चहाच्या वेळी मी सगळ्यांवर आग पाखडली. म्हटलं, राहीविरुद्ध वाचलं तेव्हा तोंडं उघडली होती, माझ्यासाठी का बसली? पाठ फिरवून घरी निघाले, तर धोंडुबाई मागून आली. म्हणाली, "आक्का, रागावू नगा. ती वळ आमी कशी उचलायची? ती राहीची हाय. तिनं उचलली तर आमी मागं हाय."

मला तिचा राग आला, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

तेव्हा आता ऐक, मी मोठी आहे. शनिवारी दुपारच्या गाडीनं ये, कऱ्हाडला बदल, मी इस्लामपूरच्या स्टँडवर उभी असेन. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मला तुझं बोचकं उचलता येतं. खांबाजवळची तुझी जागा मी कालच झाडून घेतली. येत्या रविवारची पाळीसुद्धा मी मागून घेतलीय आणि तीच चिठ्ठी पुन्हा वाचणार आहे. तू आली नाहीस तर त्याच्या पुढच्या रविवारीही वाचीन. फादर कंटाळतील, गाव हसेल, मला फरक पडत नाही.

तू ओळ उचललीच पाहिजेस असं माझं म्हणणं नाही. पण उचलायची नसेल तर ये, तुझ्या जागेवर बस, माझ्याकडं बघ आणि उचलू नकोस.

मनू